उघडी रेघ

सेलिंदाच्या पाठीवर काय काढलंय ते सेलिंदाला कधी दिसायचं नाही. ते बघायचं काम मार्वाचं.

मार्वा कोलोनची, कालव्याच्या टोकाच्या बंदराची. तिचा पणजा बार्बाडोसहून कालवा खणायला आला होता. पणतीने कुदळ काही धरली नाही, पण जीभ मात्र ती त्याच जोराने चालवायची. बोट लहान, पाहुणे पन्नास, नोकर तीस. खालच्या मजल्यावर इंजिनाच्या भिंतीला लागून एक खोली या दोघींची होती, वरच्या फळीवर मार्वा, खालच्या फळीवर सेलिंदा. मार्वा पाहुण्यांच्या खोल्या आवरायची आणि पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवायची. सेलिंदा पाहुण्यांना जंगल दाखवायची. ती एम्बेरा जमातीची, दारिएनच्या जंगलातल्या नदीकाठची. माकड झाडावर कुठे बसलंय हे तिला वासावरून कळतं अशी पाहुण्यांची समजूत होती, आणि ती खोडून काढायची तिला कधी गरज वाटली नाही.

कोस्टा रिकाहून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने जंगलं बघत दारिएनपर्यंत खाली यायचं, मग वर जाऊन कालव्यातून कोलोन, आणि तिथून परत. दर बारा दिवसांनी बोट सेलिंदाच्या गावच्या नदीच्या तोंडाशी नांगर टाकायची. भरतीच्या पाण्यावर गावच्या लाकडी होड्या पाहुण्यांना आत घेऊन जायच्या. नाच, बासरी, केळीचे तळलेले चपटे काप आणि पानात बांधलेला मासा. मग बायका टोपल्या मांडायच्या, आणि सेलिंदाची आई रुफिना पाहुण्यांच्या दंडावर जाग्वा नावाच्या रानफळाच्या रसाने नक्षी काढायची. सेलिंदा पाहुण्यांच्या बाजूला उभी राहून आईचं बोलणं त्यांना सांगायची. आई म्हणायची, "या ढेरपोट्याला सांग, हात हलवू नको म्हणावं." सेलिंदा सांगायची, "आई म्हणते, आपला दंड फार भारदस्त आहे."

सगळं उरकलं की आई तिला घराच्या मागे ओढून न्यायची. बोटीवर नियम होता: नोकरांच्या अंगावर दिसेल असं काही काढलेलं नको. म्हणून आई तिचा पांढरा सदरा वर करून दोन खांद्यांच्या मधोमध काढायची. जाग्वाचा रस पाण्यासारखा असतो. काढताना काहीच दिसत नाही, नुसता गारवा लागतो. रात्रीतून तो चढतो आणि दुसऱ्या दिवशी निळाकाळा उमटतो. दहा-बारा दिवसांनी कातडीबरोबर निघून जातो. तोवर बोट परत गावाला आलेली असायची.

नक्षी दर वेळी निराळी, पण एक गोष्ट ठरलेली. आई एक रेघ उघडी ठेवायची. शेवटचं टोक दुसऱ्या टोकाला भिडवायचंच नाही, मध्ये बोटभर जागा सोडायची. "पुढच्या खेपेला पुरी करू," म्हणायची आणि सदरा खाली ओढायची. सेलिंदाने एकदा विचारलं होतं, असं का म्हणून. आई म्हणाली, "टोपली विणून संपली की विणणारी तिच्याकडे परत बघते का? नाही ना? मग!"

दुसऱ्या दिवशी मार्वा सदरा वर करून बघायची. "आल्या गं तुझ्या आईसाहेब! या खेपेला काय, कासव आहे की मगर? काही का असेना, दार उघडं ठेवलंय बाईंनी." त्या बोटभर जागेला मार्वा दार म्हणायची आणि तिथे गार बोट टेकवायची, की सेलिंदा किंचाळायची. चार वर्षं हे चाललं होतं. मार्वाने एकदा फोनवर फोटो काढून दाखवायला घेतला तर सेलिंदा नको म्हणाली. तू बघितलंस ना, मग झालं तर.

तर त्या खेपेची गोष्ट.

होड्या काठाला लागल्या तेव्हा आई उतारावर दिसली नाही. एरवी सगळ्यांच्या पुढे ती. धाकटी बहीण दालिस पुढे आली आणि म्हणाली, "आई वर बसलीय. नाचायची नाही आज." घर खांबांवर उंच, वर जायला खाचा पाडलेला एक ओंडका. सेलिंदा चढून गेली तर आई भिंतीला टेकून बसलेली, समोर रसाची वाटी. गळ्यातल्या मण्यांच्या माळा तेवढ्याच, पण गळा केवढा बारीक झाला होता! पाहुण्यांच्या गडबडीत सेलिंदाला ते आजवर दिसलंच नव्हतं.

"आई, काय झालंय तुला?"

"काय व्हायचंय? ओली लाकडं होती, धूर गेला घशात."

"धुराने माणूस वाळतं होय?"

"तू काय डॉक्टरीण झालीस काय गं बोटीवर? माकडं दाखवतेस ना? माकडं दाखव. पाठव त्या लोकांना वर."

सेलिंदाने मागोमाग चढून आलेल्या दालिसकडे बघितलं. दालिसने मान फिरवली आणि ती उगाचच केळी सोलायला लागली. त्याच वेळी कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. भरती लवकर ओसरतेय, साडेबाराला शेवटची होडी सुटली पाहिजे. उद्या सकाळची कालव्याची वेळ ठरलेली आहे, चुकली तर बोट चार दिवस बाहेर तिष्ठत राहील. आता काय करायचं माणसाने? आधी पन्नास पाहुणे सांभाळायचे, मग आई. सेलिंदाने तेच केलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ती स्वतः पुढे कितीतरी दिवस, माझं चुकलं, असंच म्हणत राहिली.

सव्वाबाराला आईने तिला पाठमोरी बसवलं, तिथेच घरात, भिंतीशी. रसात बुडवलेली काडी गार लागली. आई एरवीपेक्षा हळू काढत होती, आणि खाली दालिस ओरडत होती की होडीचा तळ चिखलाला लागतोय.

"आई, आवर गं. पाणी उतरतंय."

"उतरू दे. ते काय, परत येतं."

"मी राहू का? खरं सांग. कप्तानाला सांगते, सुट्टी घेते."

आईची काडी थांबली. मग परत चालू झाली. "राहून काय करणार? माझा धूर मोजणार? बस गप्प."

सेलिंदा गप्प बसली, पण लक्ष सगळं वॉकीटॉकीकडे. शेवटचा हात कुठून कुठे गेला, हे तिला कळलं नाही. आईने सदरा खाली ओढला आणि पाठीवर एक थाप मारली. "जा गं माझे बाय. जा लवकर." सेलिंदा ओंडक्यावरून धावत उतरली. पुढच्या खेपेचं आई काही बोललीच नाही, हे होडीत बसल्यावर लक्षात यायला हवं होतं. पण होडीत एका पाहुणीची चप्पल चिखलात राहिली होती आणि तिने आकाशपाताळ एक केलं होतं. सेलिंदाने ती चप्पल कोपरापर्यंत हात घालून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट कालव्यात शिरली. मिराफ्लोरेसच्या पाण्याच्या दोन पायऱ्या, मग पेद्रो मिगेलची एक. दारं मिटतात, पाणी चढतं, बोट वर येते. पाहुणे वरच्या डेकवर कॉफीचे कप धरून उभे, आणि सेलिंदा त्यांना सांगतेय की हे सगळं पाणी पावसाचं आहे बरं, समुद्राचं नव्हे. मार्वा पहाटेच कामावर गेलेली. त्यामुळे दोघींची गाठ पडली ती एकदम अकराला, सेलिंदा घामाने भिजलेला सदरा बदलायला खाली आली तेव्हा.

"फिर, फिर, फिर," मार्वा म्हणाली. "दाखव आईसाहेबांची करामत. अगंबाई! केवढी मोठी काढलीय या खेपेला. खालपर्यंत आलीय." मग तिचं गार बोट पाठीवर फिरलं. एकदा फिरलं. परत फिरलं. मार्वा बोलेना.

मार्वा बोलत नाही म्हणजे काय? बोटीचं इंजिन बंद पडलं तरी कुणी एवढं घाबरलं नसतं. "काय गं?" सेलिंदा म्हणाली. "काय झालं?"

"दार कुठाय?"

"म्हणजे?"

"दार नाही. मी दोनदा बघितलं. सगळीकडे मिटलंय गं. त्यांनी पुरी केलीय रेघ."

सेलिंदा खाली बसली. पलंगावर नाही, जमिनीवर. ती रडली नाही. ओला सदरा हातात घट्ट धरून बसून राहिली. मग म्हणाली, "ती मरतेय, मार्वा. ती मला सांगत होती आणि मी चप्पल शोधत होते."

"अगं, हात हलला असेल. चुकून भिडली असेल."

"आईचा हात चुकत नाही."

मार्वाने वाद घातला नाही. तिने कोरडा सदरा सेलिंदाच्या डोक्यातून घातला, लहान पोरीला घालावा तसा, आणि म्हणाली, "मग इथे काय बसलीस? ऊठ, वर जा. तुझे पाहुणे मी बघते. पाणी पावसाचं, समुद्राचं नाही, एवढंच ना?"

कप्तान नॉर्वेचा, सज्जन माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात वर केले. "कालव्यात मी कप्तान नाही, सेलिंदा. इथे बोट त्यांची." आणि त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे कालव्याचा पायलट उभा होता. कालव्यात बोट शिरली की हुकूम पायलटाचा, कप्तानाने नुसतं बघायचं, हा इथला शिरस्ता. पायलटाचं नाव हेर्मेल. साठीचा गडी, पांढरी टोपी, एका हातात सँडविच.

"साहेब, मला उतरायचंय," सेलिंदा म्हणाली.

"कालव्याच्या मध्येच?" हेर्मेलने मागे वळूनही बघितलं नाही. "बसचा थांबा वाटला काय बाई तुम्हाला? डावीकडे दोन अंश." हे शेवटचं सुकाणूवाल्याला.

"माझी आई जायला टेकलीय."

तेव्हा त्याने वळून बघितलं. "फोन आला?"

"गावात फोन लागत नाही."

"मग निरोप कुणी आणला?"

सेलिंदाला खोटं सुचलं असतं तर तिने सांगितलं असतं. नाही सुचलं. "पाठीवर लिहिलंय," ती म्हणाली, आणि मग काडी, रस, उघडी रेघ, मिटलेली रेघ, सगळं भडाभडा सांगून मोकळी झाली. चार वर्षांत ती कप्तानासमोर एवढं सलग कधी बोलली नव्हती. सुकाणूवाला पोरगेला, तोंड दाबून हसायला लागला.

"हसतोस काय रे?" हेर्मेल त्याच्यावर खेकसला. "तुला आई नाही? समोर बघ." मग त्याने सँडविच बाजूला ठेवलं आणि स्वतःही समोर बघितलं. दोन्ही बाजूंना कापलेला डोंगर, मध्ये अरुंद पाणी. "गांबोआला माझी पाळी संपते," तो म्हणाला. "लाँच मला न्यायला येईल. तुमच्या कप्तानाची हरकत नसेल तर लाँचमध्ये एक जागा आहे. पण एक विचारतो, बाई. जाऊन बघितलंत आणि आई अंगणात मासे साफ करतेय असं निघालं तर?"

"तर मी तिला चांगली बडवीन," सेलिंदा म्हणाली, आणि तिथे पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

कप्तानाची हरकत नव्हती. नोकरीचं काय ते कंपनी ठरवील, एवढं त्याने खाली बघून सांगितलं. गांबोआला दोराच्या शिडीवरून ती लाँचमध्ये उतरली. वर कठड्याशी मार्वा उभी, भोवती पन्नास पाहुणे, आणि मार्वा त्यांना हातवारे करून काहीतरी साफ चुकीचं सांगत होती. तिने हात हलवला नाही. तिला रडताना कुणी बघितलेलं खपायचं नाही.

गांबोआहून शहर, शहरातून दारिएनची बस, रस्ता संपतो तिथून होडी. वाटेतल्या ला पाल्माच्या धक्क्यावर तिला पाच तास भरतीची वाट बघत बसावं लागलं. ओहोटीच्या चिखलावर बगळे चालत होते. आई म्हणाली होती, पाणी परत येतं. आलं, पण किती सावकाश! माणसाचा जीव जायला तेवढा वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घराखाली पोचली तेव्हा ओंडका उलटा केलेला होता, खाचा खालच्या अंगाला. वर येऊ नका, असा त्याचा अर्थ. तिने तो सुलटा केला आणि चढली.

आई खांबांना बांधलेल्या झोळीत पडलेली होती. जिवंत होती. तिने डोळे उघडले, सेलिंदाला बघितलं, आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "बोट बुडाली काय गं?"

"नाही."

"मग इथे काय करतेस?"

"रेघ का मिटवलीस?"

आई दालिसकडे बघायला लागली. दालिस तोंडाला कुलूप लावून बसलेली. सेलिंदाला काही सांगायचं नाही, अशी शपथ आईने चार महिन्यांपूर्वी तिच्याकडून घेतली होती. शहरातल्या डॉक्टरने पोटात गाठ आहे म्हणून सांगितलेलं, आणि तेही उशिराच.

"मला कुणी सांगितलंच नसतं तर?" सेलिंदा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. आजारी माणसासमोर चढवू नये, पण चढला. "मी बारा दिवस हिंडत राहिले असते. लोकांना माकडं दाखवत!"

"तेच तर पाहिजे होतं," आई म्हणाली. एकेका शब्दाला तिला दम लागत होता. "तू पुढच्या खेपेला येणार, मी नसणार. उघडी रेघ पाठीवर घेऊन कुठे फिरली असतीस? कोण पुरी करणार होतं ती? म्हणून मीच केली. मोकळी केली तुला."

"मला विचारलंस?"

"आईने कधी विचारायचं असतं होय?"

"मला नको होतं मोकळं व्हायला! कळलं? मला नको होतं."

आईच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून कानात गेलं. सेलिंदाने ते आईच्याच कमरेचं कापड पदरासारखं ओढून पुसलं. मग उठली. कोपऱ्यात टोपलीत हिरवी जाग्वाची फळं होती. तिने एक कापलं, किसलं, फडक्यातून रस पिळला. हे काम तिने कधी केलं नव्हतं. लहानपणी रंगकामाला बसवलं की ती नदीवर पळायची, म्हणून आई तिला आळशी म्हणायची. ती झोळीशी बसली आणि आईचा उजवा हात मांडीवर घेतला, ज्या हाताने आई काढायची तोच.

"तुला येतं का?" आईने विचारलं.

"नाही."

"मग काढ."

तिने काढलं. पाण्यासारखा रस, पातळ सुरकुतलेली कातडी. रेघा वाकड्या जात असणार, पण दिसत कुणाला होत्या? आई डोळे मिटून पडून होती आणि मधूनच म्हणायची, "दाबू नको. काडी चालव, ढकलू नको." मनगटाला वळसा घालून सेलिंदा परत सुरुवातीपाशी आली. बोटभर अंतर राहिलं. तिने काडी उचलली. आईने डोळे उघडले नाहीत. सेलिंदाने फुंकर घालून तिचा हात वाळवला आणि तो हातात धरून ती तशीच बसून राहिली.

सकाळी रंग उमटला. दालिसने आईच्या पाठीमागे उशी दिली आणि आईने हात डोळ्यांसमोर धरला, जवळ, लांब, परत जवळ.

"शी! मगरीचं पिल्लू चिरडल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. मग बोटाने चाचपडत ती त्या जागेपाशी आली आणि थांबली. "ही राहिली की गं."

"राहू दे," सेलिंदा म्हणाली. "पुढच्या खेपेला पुरी करू."

आईने तिच्याकडे बघितलं. हसायला गेली तर खोकला आला, आणि खोकला थांबल्यावरही ती हसतच होती. "माझंच मला ऐकवतेस," ती म्हणाली. "कार्टी."

त्यानंतर ती तीन दिवस होती. बोलणं पहिल्याच दिवशी थांबलं, पण अंगठा त्या रिकाम्या जागेवरून फिरत असायचा. चौथ्या दिवशी सकाळी, भरती लागत असताना, गेली.

बायकांनी तिला नदीच्या पाण्याने धुतलं, माळा घातल्या. त्यांच्यात सेलिंदाची मावशी होती, तिचं लक्ष हाताकडे गेलं. "हे कुणी काढलं? आणि अर्धवटच? असं अर्धं काम घेऊन कुणाला पाठवू नये गं." दालिसने रसाची वाटी आणली, काडी बुडवली, आणि आईचं मनगट उचललं.

"हात लावू नको," सेलिंदा म्हणाली.

"अगं, बोटभर तर राहिलीय. मी नीट भिडवते."

"नको म्हणते ना. तशीच असू दे. काम राहिलंय अजून, परत बघेल ती."

मावशीने माळा नीट केल्या. दालिसने काडी वाटीत ठेवली आणि वाटी भिंतीकडे सरकवली.